मर्यादेबाहेरचा डावा कोपरा

मी कबड्डी खेळलो ती चौथीपर्यंत, आणि त्यातलाही बराच वेळ बाद होऊन बाहेर बसलेलो असायचो. तरी जळगाव आणि धुळे अशा दोन जिल्ह्यांच्या मिळून चालणाऱ्या कबड्डी लीगच्या नियम समितीवर मी आहे. कारण एवढंच, की मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला पैशातलं कळतं असा आमच्या धरणगावात समज आहे. माझं घर बघूनही तो कोणी दुरुस्त करून घेतलेला नाही.

लीग म्हणजे तालुक्या-तालुक्यांचे संघ आणि प्रत्येक संघाला एक मालक. कोणी कापसाचं जिनिंग चालवणारा जिनिंगवाला, कोणी केळीचा व्यापारी, कोणी शेतं घेऊन प्लॉट पाडणारा. पहिल्या वर्षीच्या उद्घाटनाला जेवढा वेळ गेला तेवढ्यात दोन सामने झाले असते. व्यासपीठावर एवढी माणसं चढली होती की समोर ऐकायला फक्त खेळाडू उरले होते, आणि त्यांना उन्हात उभं केलं होतं. त्या वर्षी एका केळीवाल्याने चांगले सगळे खेळाडू एकट्यानेच विकत घेतले. त्याचा सामना लागला की लोक मध्यंतराआधीच शेवभाजी खायला जाऊ लागले. मग समितीने मर्यादा घातली: एका संघाने आपल्या बारा खेळाडूंना मिळून ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त मानधन द्यायचं नाही. तो नियम मी लिहिला. अर्ध्या पानाचा होता. पुढच्या वर्षी सामने अटीतटीचे झाले आणि शेवभाजीवाल्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

अर्ध्या पानाने सगळं भागेल असं मला वाटलं, ही माझी पहिली चूक. पोस्टरवर कोण असतं याचा मी विचारच केला नव्हता.

कबड्डीच्या पोस्टरवर नेहमी चढाईवाला असतो. हवेत झेपावलेला, पाठीमागे धूळ. खाली कोपऱ्यात त्याच्या घोट्याला धरलेले दोन हात दिसतात. ते हात कोणाचे, हे पोस्टरवर कधीच लिहिलेलं नसतं.

आमच्या संघात ते हात मिस्तरीचे होते. मिस्तरी म्हणजे स्टेशन रोडला पत्र्याच्या शेडमध्ये कूलर बनवणारा माणूस. वय एक्केचाळीस, लीगच्या कागदावर सदतीस. अठरा वर्षं तो गावाकडून डाव्या कोपऱ्यात उभा राहत होता. दिवसभर पत्रा वाकवून त्याच्या बोटांना अशी सवय झाली होती की एकदा काही हातात आलं की ते सरळ राहत नसे. आमचा चढाईवाला रावेरकडचा, केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना तो आमच्याकडे आला तेव्हा मिस्तरीनेच रोज संध्याकाळी त्याचा घोटा धरून धरून त्याला सुटायला शिकवलं. पाच वर्षांत तो इतकं चांगलं सुटायला शिकला की आता सगळ्या खानदेशाला हवा होता.

संघाचे मालक जिनिंगवाले. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी मला गादीवर बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या त्या अर्ध्या पानापायी माझा संघ मोडतोय."

"काय झालं, आबा?"

"पोरगं अर्ध्याच्या वर मागतंय. उरलेल्यात मी अकरा जण बसवू कसे? मिस्तरीला काढावं लागेल."

"मिस्तरी असा किती घेतो?"

"कमीच घेतो. म्हणून तर काढायला सोपा. भांडत नाही."

मी चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता.

दोन दिवसांनी मी कूलरचा पंप घेऊन मिस्तरीच्या शेडमध्ये गेलो. त्याने पंप उघडला, आत फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, नियम तुम्हीच लिहिता ना?"

"मी फक्त लिहितो. ठरवतात ते."

"मग असं लिहा की मिस्तरीला यंदाचा एक हंगाम खेळू द्या. गुडघा गेला माझा, मला काय कळत नाही? पुढच्या साली मी स्वतःच टेबलावर गुण लिहायला बसतो. पण कोणी काढलं म्हणून नाही. माझं मी उठून."

"मानधन वाढवून हवंय का?"

"पैसासाठे कूलरचा धंदा शे ना, सर," तो म्हणाला. "अठरा वर्षं झाली. घरात दाखवायला एक फोटो नाही, सगळ्यात नुसते हात. निदान गेलो तरी आपल्या पायांनी जाऊ."

पंपाचे त्याने पैसे घेतले. लाच द्यायची त्याला अक्कल नव्हती, हेही मी नोंदवून ठेवलं.

त्याच रविवारी माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो तिकडे दर आठवड्याला त्यांचा फुटबॉल बघतो. त्या खेळात पायाचा संबंध फार थोडा येतो, पण नावावरून भांडायला मी गेलो नाही. मी त्याला आमची अडचण सांगितली तर तो हसायला लागला.

"मामा, अगदी हेच इथे चालतं. अकरांपैकी एक क्वार्टरबॅक असतो. चेंडू फेकतो तो. बाकीचे त्याच्यासाठी मार खातात. पगाराला मर्यादा आहे, आणि हा एकटाच एवढा घेतो की मार खाणाऱ्यांना शिल्लक राहत नाही."

"मग?"

"मग काही लोक म्हणतात, त्याचा पगार मर्यादेत धरूच नका. तो बाहेर काढा. मर्यादा बाकीच्यांसाठी ठेवा."

"म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला जास्त येईल."

"हिशेबाने तरी."

"मग केलं का तसं?"

"नाही. नुसतं बोलतात."

इथे मी थांबायला हवं होतं. ज्यांच्याकडे पैसा आहे, वकील आहेत आणि वाद घालायला वर्षभराची सवड आहे, ते लोकसुद्धा नुसतं बोलत होते. पण मला मिस्तरीचा गुडघा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर, अमेरिकेत न झालेली गोष्ट धरणगावच्या माणसाने करून दाखवावी असंही कुठेतरी वाटत होतं.

समितीची बैठक जळगावला एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये झाली. आम्ही सात सदस्य होतो. सुरुवातीला आम्ही एकमेकांना शाल आणि नारळ दिला. सात शाली, सात नारळ, आणि टाळ्या वाजवायला वेटर. मग मी प्रस्ताव मांडला: प्रत्येक संघाने एका खेळाडूची 'प्रमुख चढाईपटू' म्हणून नोंद करावी आणि त्याचं मानधन मर्यादेत धरू नये.

मालकांच्या बाजूचे सगळे एकदम खूश झाले. त्यावरूनच मला शंका यायला हवी होती. विरोध केला तो जामनेरच्या नानांनी एकट्याने. नाना जुने पंच. आवाज बसलेला, शिट्टी अजून खिशात.

"ते बठ्ठं, सगळंच, आधीपासून बाहेर शे," नाना म्हणाले. "मायकावर किती जातं ते कोणी मोजलं का?"

त्यांचं खरं होतं. आमच्याकडे सामना चालू असताना प्रेक्षकांतून बक्षिसं येतात. कोणीतरी उठतो, निवेदकाच्या कानात पुटपुटतो, आणि निवेदक पुकारतो, या चढाईसाठी अमुक यांच्याकडून पाचशे एक. मर्यादा आल्यापासून ही रसिकता फारच वाढली होती. पूर्वी कधी मैदानाकडे न फिरकणारे मालकांचे मुनीम, मेहुणे आणि ड्रायव्हर आता चढाईवाल्याच्या प्रत्येक हालचालीवर भारावून जात होते. घोटा धरणाऱ्यासाठी मात्र कोणी उठत नसे.

"आणि दुसरं," नाना म्हणाले. "चढाईवाला बाद झाला की कुठे बसतो?"

"बाकावर."

"त्याला परत आत कोण आणतं? मागचा पकड करणारा. समोरचा गडी बाद झाला तरच आपला गडी आत येतो. तुमचा लाखाचा हिरो बाकावर बसून त्या बिनपैशाच्या हातांची वाट बघतो. आणि तुम्ही बाकावरच्याला मोकळं सोडता, हातांना बांधून ठेवता."

मी हा मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतो म्हणालो. इतिवृत्तात लिहिलेल्या मुद्द्याचं पुढे काही होत नाही हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवून दिली.

मग अडलं ते व्याख्येवर. प्रमुख चढाईपटू कोणाला म्हणायचं? उद्या कोणी आपल्या सगळ्यात महागड्या पकडवाल्यालाच चढाईपटू म्हणून नोंदवलं तर? यावर उपाय मी काढला, आणि त्याचं श्रेय कोणी दुसऱ्याला देऊ नये. मी लिहिलं: नोंद झालेल्या प्रमुख चढाईपटूने प्रत्येक डावात आपल्या संघाची पहिली चढाई स्वतः करणं बंधनकारक राहील. लबाडी करणारा मालक पकडवाल्याला चढाईला पाठवणार नाही, असा माझा तर्क होता. सगळ्यांनी बाकं वाजवली. एकाने तर मला आणखी एक शाल दिली. बहुधा नानांची उरलेली खुर्चीवरची.

गावी येऊन मी मिस्तरीला सांगितलं. "आता मर्यादेत भरपूर जागा झाली. तुझं काम झालं समज."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती.

मर्यादेत खरोखरच जागा झाली होती. ती आबांनी आठवड्यात भरून टाकली. चढाईवाला बाहेर निघाल्यामुळे मोकळ्या झालेल्या रकमेत त्यांनी कोल्हापूरकडचे तीन पकडवाले आणले, शेवटच्या रुपयापर्यंत. त्यातला एक डावा कोपराच होता. मी गादीवर गेलो.

"आबा, हा नियम मिस्तरीसाठी होता."

"तुम्ही नियमात कुठे लिहिलंय तसं?"

लिहिलं नव्हतं. अकरा जण बसले होते, मर्यादा काठोकाठ भरली होती, आणि बारावा, म्हणजे मर्यादेबाहेरचा, तो चढाईवाला. आबा निर्धास्त होते. पोरगं आपलंच आहे म्हणत होते.

पोरगं आपलं होतं, पण आता त्याच्या मानधनाला कुठलीच मर्यादा नव्हती. ती मीच काढली होती. धुळ्याच्या संघाच्या मालकाने त्याच्या घरी जाऊन असा आकडा सांगितला की पोराच्या वडिलांनी म्हणे दोनदा विचारलं, वर्षाचा की जन्माचा? नोंदणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्याने आबांना फोन करून रडत रडत सांगितलं आणि धुळ्याला सही केली. मला त्याचा राग आला नाही. ज्याला पाच वर्षं सुटायलाच शिकवलं, तो सुटला.

नोंदणीच्या दिवशी दुपारी आबा स्वतः माझ्या घरी आले. हे आधी कधी झालं नव्हतं. त्यांना खुर्ची कुठली द्यावी यावर घरात थोडी धावपळ झाली.

"सर, बारा नावांशिवाय फॉर्म घेत नाहीत. माझ्याकडे अकरा आहेत."

"बारावा घ्या एखादा."

"मर्यादेत एक रुपयाही नाही. बाराव्याला फुकट खेळवता येत नाही, तुम्हीच लिहिलंय. अकरांचे करार मर्यादेत नोंदलेत, ते आता हलत नाहीत. रिकामी जागा आहे ती एकच, प्रमुख चढाईपटूची. आणि जिल्ह्यातले सगळे चढाईवाले गेले. एक उरला नाही."

मी पंखा वाढवला. "गावात एक माणूस मोकळा आहे."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "मिस्तरी? तो अठरा वर्षांत मध्यरेषेपलीकडे गेलाय कधी?"

"पाणी प्यायला गेला असेल."

असा तो नोंदला गेला. लीगने गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं. फोटो, पूर्ण चेहऱ्याचा, आणि खाली: प्रमुख चढाईपटू. मिस्तरीने ते वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि मला म्हणाला, "सर, यात काही फसवणूक तर नाही?"

"नियमाप्रमाणे आहे."

"तेच विचारतोय."

कबड्डीत चढाईवाल्याने समोरच्यांची निदान रेषा एकदा तरी ओलांडून यावं लागतं, नाहीतर तो बाद. तेवढं करून कोणालाही हात न लावता परत आलं की ती रिकामी चढाई. मिस्तरीने त्या हंगामात ही कला कुठल्या कुठे नेली. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला तो कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे जायचा, कूलरची गळती बघावी तसा वाकून समोरच्या सातही जणांचे पाय बघायचा, रेषेपलीकडे एक टाच टेकवायचा आणि उलट्या पावली परत. जणू कोणाकडे चौकशीला गेला होता आणि ते घरी नव्हते. पाचोऱ्याच्या सामन्यात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी विचारलं तर म्हणाला, "मला अठरा वर्षं माहीत आहे पकडणारा कुठे बघतो. तो जिथे बघतो तिथे मी पाय ठेवत नाही. सोपं शे."

चढाई झाली की तो आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा आणि पुढे सामनाभर घोटे धरायचा. कोल्हापूरचा कोपरा दुसऱ्याच सामन्यापासून बाकावर होता. आम्ही उपांत्य फेरीत आलो, धुळ्याशी, धुळ्याच्या मैदानावर.

आबांनी दोन गाड्या केल्या. एरंडोल, पारोळा करत आम्ही दुपारी पोचलो. स्वागताची भाषणं चालू होती म्हणून सामना तासभर उशिरा सुरू झाला. पहिला डाव बरोबरीत सुटला. मिस्तरीने आपल्या जुन्या शिष्याला दोनदा पकडलं, शिष्य तीनदा सुटला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दुसऱ्या डावाची पहिली चढाई आमची होती, म्हणजे मिस्तरीची. तो नेहमीसारखा गेला, वाकला, टाच टेकवली, आणि वळताना त्यांचा मधला गडी सरळ त्याच्या उजव्या गुडघ्यावर आला. नेमका उजव्या. मिस्तरी त्या बाजूला वळू शकत नाही हे आमच्या संघाबाहेर कोणाला माहीत नव्हतं. एक जण सोडून.

मिस्तरी बाकावर येऊन बसला. आणि मग नानांचा इतिवृत्तातला मुद्दा आमच्या डोळ्यांसमोर मैदानावर उतरला. समोरचा एक बाद झाल्याशिवाय मिस्तरी आत येणार नाही, आणि समोरच्याला बाद करू शकणारा माणूस बाकावर बसलेला. डावा कोपरा मोकळा. पोरगं येत होतं, एकाला शिवत होतं, जात होतं. मायकावर बक्षिसांचा पाऊस. दर चढाईला आमचा एक माणूस बाहेर. नाना पंचांच्या मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या नियमाने आमच्या सगळ्यात चांगल्या पकडवाल्याला चढाईला पाठवून बाद केलं होतं, तेही बंधनकारक करून.

शेवटी आमचे सातही बाद झाले, लोण चढला. लोण चढला की समोरच्यांना दोन गुण जास्तीचे आणि आपले सगळे परत आत. मिस्तरीला आत आणायला आम्हाला एवढं करावं लागलं.

सामना हातातून गेलाच होता. शेवटची दोन मिनिटं. पोरगं चढाईला आलं, डावीकडे झुकलं, बोनस रेषेकडे पाय टाकला, आणि मिस्तरी खाली गेला. दोन्ही हात घोट्यावर. पोराने झटका दिला, फिरलं, पालथं पडून मध्यरेषेकडे हात लांबवला. वीतभर राहिलं. पंचांनी शिट्टी वाजवली. मिस्तरीने सोडलं नाही. दुसरी शिट्टी.

मी आमच्या बाकाच्या टोकाला होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"चाचा, सोडा आता. शिट्टी झाली."

"गुडघ्याचं तू सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

"बरं केलंस," मिस्तरी म्हणाला. "मीच शिकवलं होतं, आधी गुडघा बघायचा." आणि हात उघडले.

तेवढ्यात निवेदकाच्या हातात कोणीतरी चिठ्ठी दिली. त्याने यादीत नाव शोधलं आणि वाचलं, "धरणगावच्या प्रमुख चढाईपटूंनी केलेल्या पकडीसाठी, जामनेरच्या नानांकडून एकशे एक." मैदानभर हशा पिकला. पकडीसाठी पुकारलेलं बक्षीस मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नाना समोर बघत होते.

आम्ही हरलो. मिस्तरी लंगडत गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाशी गेला, खुर्ची हलवून पाहिली, तिचा एक पाय आखूड होता. "पुढच्या साली ही माझी," तो म्हणाला. "मी येताना पाय वेल्ड करून आणतो."

यंदा बैठकीत नवा प्रस्ताव आला: डाव्या कोपऱ्यांचे भाव वाढलेत, तेव्हा त्यांचंही मानधन मर्यादेबाहेर काढावं. नाना म्हणाले, "मग मर्यादेत कोण राहिलं? मी आणि सर." मी मत दिलं नाही. शेवभाजी खायला गेलो. शेवभाजीवाला आता बोलतो माझ्याशी.

पहिल्या सामन्याच्या दिवशी, सुरू व्हायला अर्धा तास असताना, आबा घाईने टेबलाशी आले. कोल्हापूरवाल्याचा खांदा उतरला होता.

"मिस्तरी, बूट घाल. नाव मी अजून काढलेलं नाही. चढाईपटूच्या जागेवर जा, पाहिजे तेवढं माग."

मिस्तरी दोन रंगांची पेनं समोर मांडून बसला होता. गळ्यात गेल्या वर्षीचं ओळखपत्र होतं. चेहऱ्याचा फोटो असल्यामुळे ते तो काढायला तयार नव्हता, घरीसुद्धा. त्याने एकदा मैदानाकडे पाहिलं, डाव्या कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ.

"नाही, आबा," तो म्हणाला. "मी उठलोय." आणि खुर्चीत नीट बसला.